परदेशी कुकिंग किट आणि घरची चूल : सोलापुरातील एका कुटुंबाचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

जुळे सोलापुरात राहणाऱ्या पाच जणांच्या एका लिंगायत कुटुंबाने सुमारे वर्षभर घरच्या घरी परदेशी पदार्थ करून पाहिले, त्याची ही नोंद आहे. वडील टॉवेलच्या एका कारखान्यात हिशेबाचे काम पाहतात, आई खासगी शाळेत शिकवते, मुलगी सातवीत आणि मुलगा चौथीत आहे. घरातील ज्येष्ठ व्यक्ती म्हणजे वडिलांची आई. मुले त्यांना कानडी रीतीने ‘अज्जी’ म्हणतात. अज्जींचे माहेर अक्कलकोट तालुक्यातले. घरात मराठी आणि कानडी दोन्ही भाषा चालतात, स्वयंपाक पूर्ण शाकाहारी असतो आणि अंडेही घरात येत नाही. ओळख पटेल असे तपशील कुटुंबाच्या संमतीने बदलले आहेत. मी गृहविज्ञान शिकवते आणि या घरातील आई माझी जुनी विद्यार्थिनी आहे, त्यामुळे या प्रकरणात मी पूर्णपणे त्रयस्थ नाही. उलट एका अपुऱ्या सल्ल्याची जबाबदारी माझ्याकडेच येते, आणि ती पुढे योग्य ठिकाणी नोंदवली आहे.

सुरुवात साध्या कारणाने झाली. मुलांच्या सुट्टीतला वेळ मोबाइलवर जातो, त्याऐवजी सर्वांनी मिळून काही करावे आणि त्यातून जगाची ओळख व्हावी, असे आईला वाटत होते. इंटरनेटवर तिला महिन्याला एका देशाचे किट पाठवणारी योजना दिसली. मसाल्यांच्या पुड्या, धान्य किंवा नूडल्स, एखादे लहान उपकरण, कृतीचे रंगीत कार्ड आणि त्या देशाविषयी चार ओळी, असे त्या खोक्याचे स्वरूप होते. सहा महिन्यांचे ८,४०० रुपये आगाऊ भरायचे होते. वडिलांना रक्कम जास्त वाटली, पण दोन वेळा बाहेर जेवायला गेलो तरी एवढे होतातच, असा हिशेब मांडून त्यांनी मान्यता दिली. अज्जींना कोणी विचारले नाही. हा मुद्दा त्या वेळी कोणाच्या लक्षातही आला नव्हता.

पहिले दोन महिने

फेब्रुवारीतले पहिले किट इटलीचे होते आणि त्याविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. पास्ता उकडला, टोमॅटोचा सॉस केला, मुलांनी आवडीने खाल्ला. इटलीविषयी त्यांना आधी जेवढे माहीत होते तेवढेच नंतरही माहीत राहिले.

मार्चमध्ये मेक्सिकोचे किट आले. त्यात ‘मासा हरिना’ नावाचे मक्याचे पीठ होते. कोमट पाण्यात मळून त्याचे गोळे करायचे, लाटून तव्यावर भाजायचे आणि वर राजमा व चटणी घालायची, अशी कृती होती. हे पीठ मळताना आईच्या एक गोष्ट लक्षात आली. बाजारातले मक्याचे साधे पीठ थापताना कडेने तडकते. हे मात्र सलग राहत होते. कार्डावर त्याचे कारण दिलेले नव्हते. तिने मला फोन करून विचारले, मी थोडक्यात उत्तर दिले आणि विषय तिथेच थांबला. आज मागे वळून पाहता, किटच्या साऱ्या उद्योगातला सर्वांत मोलाचा प्रश्न त्या दिवशी विचारला गेला होता आणि आम्ही दोघींनी तो दोन मिनिटांत आटोपला.

अडचण : तिसरे खोके

एप्रिलमध्ये जपानचे किट आले. शहरात तेव्हा नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येत असे, आणि कार्डावर तर तांदूळ पाणी स्वच्छ दिसेपर्यंत पुन्हा पुन्हा धुवायला सांगितले होते. त्यावरून अज्जींनी पहिली नाराजी व्यक्त केली. शेवटी तांदळाचे पाणी बादलीत साठवून कुंड्यांना घालण्याचे ठरले आणि स्वयंपाक पार पडला. चिकट भात, काकडी आणि मिसोचे, म्हणजे सोयाबीनच्या आंबवलेल्या लगद्याचे, सूप असा बेत होता. सूपसाठी एका पुडीतली पूड गरम पाण्यात घालून त्यात मिसो विरघळवायचा होता. अज्जींना सूप आवडले. त्यांनी दोन वाट्या घेतल्या आणि ‘कटाच्या आमटीला असा घट्टपणा यायला हवा,’ असे म्हटल्याचे मुलगी सांगते.

दोन दिवसांनी मुलगी शाळेच्या उपक्रमासाठी ते कार्ड मराठीत उतरवत होती. पुडीवरच्या ‘बोनिटो’ या शब्दाचा अर्थ तिने शोधला, तेव्हा तो मासा निघाला. जपानी स्वयंपाकात ‘दाशी’ नावाचे पाणी पायाभूत असते, आणि ते बहुतेक वेळा कोम्बू हे समुद्री शेवाळ व ‘कात्सुओबुशी’ म्हणजे शिजवून, धुरावर धरून, वाळवून कडक केलेल्या माशाचे पापुद्रे यांपासून करतात. पुडीतली पूड त्याच दाशीची होती.

खोके पुन्हा काढून पाहिले तेव्हा बाहेरच्या बाजूस हिरव्या पानांची नक्षी होती आणि घरच्यांनी ती शाकाहाराची खूण समजून घेतली होती. प्रत्यक्षात भारतात शाकाहारी पदार्थासाठी हिरव्या चौकटीत हिरवा ठिपका आणि मांसाहारी पदार्थासाठी तपकिरी चौकटीत तपकिरी त्रिकोण छापावा लागतो. पूर्वी त्रिकोणाच्या जागी तपकिरी ठिपकाच असे, त्यामुळे मोठ्या माणसांच्या डोळ्यांना अजूनही ठिपका शोधायची सवय आहे. पुडीवर आयातदाराने चिकटवलेल्या पांढऱ्या पट्टीवर तो त्रिकोण होता, पण पट्टी शिवणीवर दुमडली गेली होती. पुरवठादाराला लिहिले तेव्हा घटकांची यादी छापलेली असल्याचे उत्तर आले आणि पुढच्या खरेदीवर सूट देऊ केली गेली. ते उत्तर कोरडे होते, पण खोटे नव्हते.

माझा अपुरा सल्ला याच ठिकाणी येतो. योजना घेण्यापूर्वी आईने मला विचारले होते आणि मी ‘खोक्यावरची खूण तेवढी बघ’ असे सांगितले होते. एका खोक्यात सात-आठ वेगवेगळी पाकिटे असतात आणि खूण प्रत्येक पाकिटावर पाहावी लागते, हे मी सांगायला हवे होते.

पहिला निर्णय : सांगायचे की नाही

त्या रात्री आईवडिलांपुढे जो प्रश्न उभा राहिला, तो किटपेक्षा कितीतरी मोठा होता. वडिलांचे म्हणणे असे की, अजाणतेपणी घडलेल्या गोष्टीचा दोष लागत नाही. सांगितल्याने अज्जींना केवळ दुःख होईल आणि त्यांच्या वयात ते देणे योग्य नाही. आईचे म्हणणे वेगळे होते. ही गोष्ट मुलीनेच शोधून काढली होती. अज्जींना सांगायचे नाही असे ठरवले, तर बारा वर्षांच्या मुलीला रोज ज्यांच्या शेजारी झोपते त्यांच्यापासून काहीतरी लपवायला शिकवावे लागेल. शिवाय अज्जी इष्टलिंगाची पूजा करतात. आपल्या आचाराविषयी निर्णय घेण्याचा अधिकार त्यांचा आहे आणि तो परस्पर काढून घेणे बरे नाही.

दोन्ही बाजूंत तथ्य होते. मला विचारले असते तर मी कदाचित वडिलांची बाजू घेतली असती, हे येथे प्रामाणिकपणे लिहिणे भाग आहे. शेवटी दुसऱ्या दिवशी वडिलांनीच सांगितले. अज्जींनी ऐकून घेतले, स्नान केले, पूजा केली आणि त्या संध्याकाळी जेवल्या नाहीत. सकाळी त्या एवढेच म्हणाल्या, “सांगितलंत ते बरं केलंत. पण त्या डब्याला आता माझा हात लागणार नाही, आणि माझ्या भांड्यांत तो शिजणार नाही.”

मे महिन्यातले थायलंडचे किट न उघडताच माळ्यावर गेले. त्यातल्या करी पेस्टमध्ये कोळंबी होती; या वेळी पाकिटे आधी वाचली गेली.

समोर असलेले पर्याय

योजनेचे दोन महिने शिल्लक होते आणि घरात एक अवघडलेपण आले होते. मुलांना वाटत होते की आपल्यामुळे अज्जी दुखावल्या. अज्जींना वाटत होते की आपल्यामुळे मुलांची हौस मोडली. या टप्प्यावर तीन वाटांचा विचार झाला.

सर्व बंद करणे ही सर्वांत सोपी वाट होती. पैसे बुडाले असते, पण वाद संपला असता. आईला ती मान्य नव्हती, कारण त्यातून मुलांपर्यंत पोहोचणारी गोष्ट अशी की, बाहेरचे म्हणजे बाटवणारे. तेवढीच शिकवण शिल्लक राहिली असती, तर हा प्रयोग न केलेलाच बरा होता.

पुरवठादाराचा शाकाहारी प्रकार घेणे ही दुसरी वाट. यादी मागवून पाहिली तेव्हा बहुतेक देशांच्या पदार्थांत मांसाच्या जागी पनीर किंवा मशरूम घातलेले होते आणि बाकी पास्ता, टाको, नूडल्स यांचीच पुनरावृत्ती होती. पनीर घातलेली थाई करी खाऊन थायलंडची ओळख होते की पनीरची, असा वडिलांचा प्रश्न होता, आणि तो रास्त होता.

तिसरी वाट वडिलांनीच सुचवली : गॅलरीत वेगळी शेगडी मांडायची, वेगळी भांडी ठेवायची आणि किट तिथे करायचे. व्यवहाराच्या दृष्टीने यात अडचण नव्हती. परंतु अज्जींनी ते ऐकल्यावर विचारले, “म्हणजे चूल वेगळी करताय?” आपल्याकडे चूल वेगळी होणे म्हणजे घर वाटले जाणे. वडिलांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

चौथी वाट तेव्हा कोणाला दिसत नव्हती. ती जूनमधल्या खोक्याने दाखवली.

शेंगदाण्यांचे किट

जूनच्या खोक्यावर देशाचे नावच नव्हते. नुसते ‘आफ्रिका’ असे लिहिले होते. चोपन्न देशांचा खंड एका खोक्यात मावला होता. आत पश्चिम आफ्रिकेतल्या शेंगदाण्याच्या रश्शाचा मसाला होता आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत शंभर ग्रॅम शेंगदाणे होते. सर्व पाकिटे शाकाहारी असल्याची खात्री वडिलांनी दोनदा केली. पिशवी फोडली तर दाणे खवट निघाले.

वास स्वयंपाकघरापर्यंत गेला आणि अज्जी बाहेर आल्या. शेंगाचटणीसाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात कुरियरने शेंगदाणे आले, तेही खवट, हे पाहून त्या दोन महिन्यांत पहिल्यांदा मोकळेपणी हसल्या. “पंढरपूरला बुक्का नेण्यातला प्रकार आहे हा,” असे म्हणत त्यांनी स्वतःच्या डब्यातले दाणे काढून भाजले आणि कुटून दिले. रस्सा त्या दाण्यांचा झाला. अज्जींनी तो खाल्ला नाही, पण वास घेऊन तिखट कमी असल्याचे सांगितले.

त्या संध्याकाळी मुलाने विचारले की शेंगा आपल्याकडून आफ्रिकेत गेल्या की तिकडून आपल्याकडे आल्या. दोन्ही नाही, असे उत्तर आहे. भुईमूग दक्षिण अमेरिकेतला. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या जहाजांबरोबर तो पश्चिम आफ्रिकेत गेला, आणि भारतातही तो बाहेरूनच आला. शेंगाचटणीतली मिरचीसुद्धा अमेरिका खंडातली. जिला सोलापूरची ओळख मानतो, तिच्यातले दोन्ही मुख्य घटक पाचशे-सहाशे वर्षांपूर्वी या भागात कोणी पाहिलेही नव्हते, हे कळल्यावर अज्जी बराच वेळ गप्प होत्या आणि मग त्यांनी विचारले, “मग ज्वारी तरी आपली आहे का?”

या प्रश्नासाठी आई मला भेटायला आली. ज्वारीचे मूळही ईशान्य आफ्रिकेतले, सुदान-इथिओपियाच्या बाजूचे आहे, आणि हजारो वर्षांपूर्वीच ती भारतात पोहोचली. मंगळवेढ्याच्या ज्या मालदांडीचा जिल्ह्याला अभिमान आहे, तिचे दूरचे माहेर तिकडचे. त्या दिवशी मी जो सल्ला दिला तो मात्र उपयोगी पडला, असे आई म्हणते. देश न निवडता धान्य निवडावे, आणि ते धान्य दुसऱ्या कोणाच्या घरात कसे शिजते ते पाहावे. अज्जींना ज्यात गती आहे त्या गोष्टीपासून निघाले, तर त्या पाहुण्या राहणार नाहीत, एवढाच त्यामागे विचार होता.

केलेली कृती : घरचे किट

जुलैचे शेवटचे खोके शेजारच्यांना देऊन टाकले आणि योजना पुढे वाढवली नाही. ऑगस्टपासून घरचे किट सुरू झाले. नियम थोडे होते. महिन्याला एकच पदार्थसमूह घ्यायचा. बाहेरून मागवायची वस्तू असलीच तर एक. खर्च चारशे रुपयांच्या आत. आणि प्रत्येक अनोळखी शब्दाचा अर्थ लावल्याशिवाय पाकीट फोडायचे नाही. कार्ड मुलांनी लिहायचे. त्यात धान्य कुठले, ते असेच का शिजवतात आणि आपल्याकडे त्याच्या जवळचे काय, असे तीन रकाने ठरले. चौथा रकाना नंतर आला, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा ठरला.

पहिला बेत इथिओपियाचा होता. तिथली ‘इंजेरा’ म्हणजे आंबवलेल्या पिठाची, एकाच बाजूने भाजलेली मोठी, मऊ, जाळीदार पोळी. ती मुख्यतः टेफ या बारीक धान्याची करतात, पण ज्वारीचीही करतात. टेफ मागवायचे नाही, ज्वारीच घ्यायची, असे ठरले. सोबत ‘शिरो’, म्हणजे कांदा, तेल आणि तिखट मसाला घालून शिजवलेले हरभऱ्याचे पातळ पीठ, आणि मसुरीचे कालवण. इथिओपियातल्या ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती लोकांत बुधवार आणि शुक्रवार तसेच मोठ्या व्रताचे पंचावन्न दिवस मांस, दूध, लोणी सर्व वर्ज्य असते. त्यामुळे त्या देशात शाकाहारी पदार्थांची मोठी परंपराच आहे. कोणत्याही पदार्थात पनीर घालण्याची वेळ आली नाही. बेर्बेरे या मसाल्याची यादी वाचताना लाल मिरची, धणे, मेथी, ओवा, सुंठ, वेलदोडा, लवंग अशी नावे येऊ लागली, तेव्हा अज्जींनी आपल्या काळ्या तिखटाची बरणी शेजारी आणून ठेवली.

पहिल्या वेळी पीठ बिघडले. मिळालेल्या कृतीत तीन दिवस आंबवायला सांगितले होते. अदिस अबाबा समुद्रसपाटीपासून तेवीसशे मीटरांहून उंच आहे आणि तिथली हवा थंड असते. सोलापुरात ऑगस्टमध्येही तीन दिवस म्हणजे फारच झाले. पीठ इतके आंबट झाले की फेकून द्यावे लागले. वेळ अमावस्येच्या सणाला शेतात नेण्यासाठी ज्वारीच्या पिठाची आंबील करण्यात अज्जींचे आयुष्य गेले आहे; दुसऱ्या वेळी त्यांनी घड्याळ न पाहता वास आणि फेस पाहून वेळ ठरवली.

तरीही पहिली पोळी तव्यावर तडकली. येथे पुन्हा एकदा मार्चमधला प्रश्न समोर आला. ज्वारीत गव्हासारखा चिवटपणा नसतो, म्हणून भाकरीचे पीठ गरम पाण्याने मळतात, आणि पीठ जुने होऊन विरी, म्हणजे त्याचा चिकटपणा, गेली की भाकरी थापता येत नाही, हे अज्जींना ठाऊक होते. इंजेराच्या कृतीत आंबलेल्या पिठातला थोडा भाग पाण्यात शिजवून परत मिसळायचा असतो. त्याला तिकडे ‘अब्सित’ म्हणतात. आम्हा सर्वांना ती पायरी बिनमहत्त्वाची वाटली होती आणि ती गाळली गेली होती. अज्जींनी ऐकताच म्हटले, “ही उकड आहे. ही नसली तर धरणार कसं?” उकड घातली आणि तिसरी पोळी जाळी धरून उतरली. इथिओपियात त्या छिद्रांना ‘डोळे’ म्हणतात. दोन दूरच्या मुलखांतल्या बायकांना एकाच धान्याची एकच अडचण आली आणि दोघींनी तिच्यावर एकाच जातीचा उपाय काढला, ही गोष्ट कोणत्याही रंगीत कार्डाने सांगितली नसती.

दुसरा निर्णय : सारखेपणा कुठे थांबवायचा

या यशाने एक नवा धोका निर्माण झाला. मुलाने कार्डावर लिहिले : ‘इथिओपियाचे लोक आंबोळी-पिठले खातात.’ घरात सर्वांना ते वाक्य आवडले. मला आवडले नाही. परदेशी गोष्टीला ‘हे तर आपलेच’ म्हणणे प्रेमळ असते, पण त्यात समोरच्याचे काही ऐकून घेण्याची गरज संपते.

हा मुद्दा मी मांडला तेव्हा आईने इंजेरा खाण्याची रीत मुलांना वाचून दाखवली. एका मोठ्या ताटात एक पोळी अंथरतात, तिच्यावरच कालवणे वाढतात आणि घरातले सारे त्याच ताटातून पोळीचे तुकडे मोडून खातात. आदर किंवा माया दाखवायची तर आपल्या हाताने दुसऱ्याच्या तोंडात घास देतात. त्याला ‘गुर्शा’ म्हणतात. घास भरवणे आपल्याला परके नाही. एका ताटात सर्वांनी जेवणे मात्र अज्जींच्या लेखी उष्टे, आणि ते त्यांना मान्य होणे शक्य नव्हते.

येथे दोन गोष्टी करता आल्या असत्या. ताटे वेगळी वाढून त्या रीतीविषयी काही बोलायचे नाही, किंवा मुलांच्या हौसेसाठी अज्जींना आग्रह करायचा. कुटुंबाने दोन्ही केल्या नाहीत. मुले आणि आईवडील एका ताटात जेवले, अज्जी आपल्या ताटात जेवल्या, आणि मुलीने कार्डावर चौथा रकाना आखला : ‘आम्ही काय केले नाही, आणि का.’ त्यात तिने लिहिले की, आमच्या घरी उष्टे चालत नाही म्हणून अज्जी वेगळ्या ताटात बसल्या. इथिओपियाच्या घरी गेलो तर त्यांना याचे वाईट वाटेल. एप्रिलमध्ये ज्या कार्डामुळे घरात दुरावा आला होता, त्याच कार्डाला मतभेद लिहून ठेवण्याची जागा मिळाली.

ऑक्टोबरमध्ये मक्याचा बेत झाला. अख्खा मका खाण्याच्या चुन्याच्या पाण्यात उकळून रात्रभर ठेवला, सकाळी चोळून धुतला आणि वाटला. प्रमाण किलोला दहा ग्रॅम चुना असे घेतले. चुना हाताळण्याचे काम मोठ्यांकडे ठेवले. चुन्याने दाण्याचे साल सुटते, पीठ एकमेकांना धरते आणि मक्यातले नायसिन हे जीवनसत्त्व शरीराला मिळण्याजोगे होते. मेक्सिकोत ही रीत हजारो वर्षांची आहे. युरोपने मका नेला पण ही रीत नेली नाही, आणि जिथे गरिबांचे पोट मक्यावरच होते तिथे पुढे नायसिनच्या अभावाने होणारा पेलाग्रा हा रोग पसरला. कोहळ्याच्या पेठ्यासाठी चुन्याची निवळी वापरणाऱ्या अज्जींना चुना नवीन नव्हता, धान्याला चुना लावणे मात्र नवीन होते. मिक्सरवर वाटण नीट झाले नाही, भांडे तापून दोनदा बंद पडले आणि शेवटी अर्धा मका पाट्यावर वाटला. ‘काय केले नाही’ या रकान्यात मुलाने लिहिले : ‘पुन्हा करणार नाही. हात दुखतात.’

परिणाम

ऑगस्ट ते जानेवारी या सहा महिन्यांत चार बेत झाले. सप्टेंबर आणि नोव्हेंबर परीक्षा व दिवाळीमुळे रिकामे गेले. दर बेताचा खर्च सरासरी तीनशे रुपयांच्या आसपास आला. त्यात वाया गेलेले पीठ धरले आहे. अज्जींचे श्रम धरलेले नाहीत, आणि त्याविषयी माझ्या मनात थोडी अस्वस्थता आहे. किटमध्ये श्रम वाचतात, हा त्याचा खरा गुण आहे. घरच्या किटमध्ये ते कोणावर तरी पडतात आणि आपल्या घरांत ते कोणावर पडतात हे सांगायला नको. तिसऱ्या बेतापासून पाटा-वरवंटा वडिलांकडे दिला गेला, एवढी सुधारणा नोंदवता येते.

मुलीचा उत्साह डिसेंबरनंतर ओसरला. तिला आता बॅडमिंटन अधिक प्रिय आहे. मुलगा मात्र कोणत्याही पदार्थाला ‘हे आधी कुठे होते’ असे विचारतो आणि वर्गात त्यामुळे त्याला बोलणी खावी लागतात. थायलंडचे किट मुदत संपल्यावर टाकून द्यावे लागले.

वेगळे काय करता आले असते

योजना घेण्यापूर्वी अज्जींशी बोलायला हवे होते. ज्यांच्या स्वयंपाकघरात परकी वस्तू येणार, त्यांना विचारले असते तर प्रत्येक पाकीट वाचण्याचा नियम पहिल्याच दिवशी झाला असता.

जपानच्या बाबतीत नुकसान अधिक झाले असे मला वाटते. चूक एका पुडीची होती, पण शिक्षा देशाला मिळाली. जपानच्या बौद्ध मठांत ‘शोजिन र्‍योरी’ नावाचा पूर्ण शाकाहारी स्वयंपाक शतकानुशतके चालत आला आहे, आणि त्यातली दाशी कोम्बू व वाळवलेल्या शिताके अळंबीची असते. किकुनाए इकेदा या रसायनशास्त्रज्ञाने १९०८ मध्ये ज्या चवीला ‘उमामी’ असे नाव दिले, ती त्याने कोम्बूच्याच पाण्यात शोधली होती, माशाच्या नव्हे. अज्जींना दोन वाट्या घ्याव्याशा वाटल्या त्या चवीचा एक मार्ग त्यांच्या आचारात बसणारा होता. ही माहिती एप्रिलमध्ये मी दिली असती तर दोन महिन्यांचा अबोला टळला असता की नाही, हे सांगता येत नाही. निदान मुलांना तो देश आणि ती चूक यांत फरक करता आला असता. पुढे हा प्रस्ताव मांडला, तेव्हा अज्जींनी नकार दिला. तो नकार चौथ्या रकान्यात आहे.

मक्याचा प्रश्न मार्चमध्येच उचलला असता तर कदाचित किटची दिशा तेव्हाच बदलली असती. फोनवर दोन मिनिटांत उत्तर देण्याऐवजी ‘पुढच्या रविवारी करून पाहू’ असे म्हणणे मला जमायला हवे होते.

सध्याची स्थिती

जानेवारीचा बेत मुलाने निवडला. शाळेत डॉ. द्वारकानाथ कोटणीसांचा धडा झाला होता. सोलापुरात १९१० साली जन्मलेले हे डॉक्टर १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, उत्तर चीनमध्ये युद्धातल्या जखमींवर उपचार करत राहिले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी तिथेच वारले. ते तिकडे काय खात असतील, असा मुलाचा प्रश्न होता. नेमके उत्तर देता येत नाही, पण त्या भागातल्या लोकांचे रोजचे धान्य राळे होते आणि त्याची पातळ पेज आजही तिकडे सकाळी खातात. राळ्याची लागवड पहिल्यांदा उत्तर चीनमध्येच झाली. अज्जी त्याला ‘नवणे’ म्हणतात, आणि भोगीला त्यांच्याकडे राळ्याचा भात होतोच.

भोगीच्या दिवशी, गड्ड्याच्या यात्रेच्या गर्दीत जाण्यापूर्वी, एका पातेल्यात राळ्याचा भात शिजला आणि दुसऱ्यात मीठसुद्धा न घातलेली पातळ पेज. पेज कोणाला फारशी आवडली नाही. मुलाने ती नेटाने संपवली. कार्ड लिहायची वेळ आली तेव्हा चौथा रकाना अज्जींनी सांगितला आणि मुलीने उतरवून घेतला : ‘चीनमध्ये यावर तूप घालत नाहीत. मी घातले.’